मंगळाचा दगड ओळखायला लोणारचा दगड का लागतो?

लोणार (वार्ताहर) : चंद्रावरची माती आणि दगड पृथ्वीवर आणणाऱ्या 'चांद्रयान-४' मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळानं १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च २,१०४ कोटी रुपये. असा आकडा मोबाइलवर आला की गावच्या कट्ट्यावर एक प्रश्न ठरलेलाच असतो. चंद्राभोवती यान फिरतं, फोटो येतात, तिथल्या जमिनीत काय काय आहे तेही शास्त्रज्ञ वरूनच सांगतात. मग थोडीशी माती आणायला एवढा पैसा कशापायी?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराभोवती जो काळा दगड विखुरलाय, त्याचा अभ्यास करायला परदेशातले ग्रह-शास्त्रज्ञ येतात. ते इथं दैत्यसूदनाचं मंदिर किंवा गुलाबी पाणी बघायला आलेले नसतात. मंगळावरचा दगड कसा ओळखायचा, हे शिकायला आलेले असतात. वरून बघून सांगितलेली गोष्ट किती खरी मानायची, हा त्यांच्या कामाचा गाभा आहे. आणि आता तोच प्रश्न सोयाबीनच्या विम्यापर्यंत येऊन पोचला आहे.

वरून दगड ओळखतात कसा

बांधावर उभं राहून शेतकरी सांगतो, त्या कोपऱ्यातलं सोयाबीन पिवळं पडलं. तो पानाला हात लावत नाही. पानावरून परत आलेला उजेड त्याच्या डोळ्यात येतो आणि त्यावरून तो अंदाज बांधतो. यानावरचं यंत्र हेच करतं. फरक एवढाच, की माणसाचा डोळा थोडे रंग वेगळे करतो, तर यंत्र उजेडाचे शेकडो बारीक भाग करतं. त्यातले बरेचसे माणसाला दिसतच नाहीत.

प्रत्येक खनिज उजेडातला ठरावीक भाग शोषून घेतं. परत आलेल्या उजेडात कोणता भाग कमी आहे हे पाहिलं, की जमिनीत कोणतं खनिज आहे ते कळतं. दुसरी रीत उष्णतेची. काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो. ती ऊब म्हणजेही न दिसणारा उजेडच असतो आणि त्यातही खनिज आपला ठसा सोडून जातं.

'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' हे अमेरिकेचं यान १९९७ मध्ये मंगळाभोवती पोचलं. त्यावर ही ऊब मोजणारं यंत्र होतं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले शास्त्रज्ञ फिलिप क्रिस्टेन्सन त्या यंत्राचे प्रमुख होते. मंगळाची जमीन कशाची बनली आहे, याचे पहिले मोठे नकाशे त्यातूनच तयार झाले.

पण या कामात दोन अडचणी आहेत. पहिली अडचण ठिपक्याची. या यंत्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे काही किलोमीटर. लोणारचं अख्खं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. मंगळावर ते असतं, तर त्या यंत्राच्या एकाच ठिपक्यात मावलं असतं. आतलं पाणी, काठ, उतार, बाहेरची शेतं, सगळ्यांची मिळून एकच नोंद.

दुसरी अडचण यादीची. ठिपक्यात पाच-सहा खनिजांची सरमिसळ असते. ती सोडवायला शास्त्रज्ञांकडे प्रयोगशाळेत तपासलेल्या खनिजांच्या ठशांची यादी असते. यादीतलं कोणतं खनिज किती टक्के घेतलं की बेरीज जुळते, ते संगणक शोधतो. पण जे खनिज यादीतच नाही, ते उत्तरात येणार कुठून? संगणक "माहीत नाही" म्हणत नाही. यादीतलंच दुसरं काहीतरी घेऊन तो बेरीज जुळवून टाकतो. चूक होते ती इथं, आणि ती बाहेरून दिसत नाही.

दोन गाड्या, दोन निकाल

वरून केलेला अंदाज खाली उतरून तपासला तर काय होतं, याचा दाखला जानेवारी २००४ मध्ये मिळाला. त्या एकाच महिन्यात अमेरिकेच्या दोन गाड्या मंगळाच्या दोन बाजूंना उतरल्या.

'ऑपॉर्च्युनिटी' मेरिडियानी नावाच्या सपाट भागात उतरली. हा भाग निवडण्याचं मोठं कारण क्रिस्टेन्सन यांच्या यंत्राची नोंद हेच होतं. त्यात हेमॅटाइट हे लोहखनिज दिसलं होतं. गेरूला लाल रंग देणारं खनिज ते हेच. मंगळावर दिसलं ते त्याचं करड्या स्फटिकांचं रूप. असं हेमॅटाइट बऱ्याचदा पाण्याच्या संगतीनं तयार होतं, म्हणून तिथं गाडी पाठवली. उतरल्यावर जमिनीवर काही मिलिमीटरच्या बारीक गोळ्या पसरलेल्या दिसल्या. तपासल्या तर त्यात हेमॅटाइटच निघालं. वरचा अंदाज खाली खरा ठरला.

दुसरी गाडी 'स्पिरिट'. ती गुसेव्ह नावाच्या मोठ्या विवरात उतरली. वरून घेतलेल्या फोटोंत या विवरात नदीसारखी एक लांब दरी येऊन मिळताना दिसत होती. दरीतून पाणी आलं असेल, विवरात तळं साचलं असेल, तळाशी गाळ बसला असेल, असा सरळ हिशेब होता. कुणीही तोच केला असता. गाडी उतरली आणि आजूबाजूला गाळाचा पत्ताच नाही. होता तो काळा कातळ, लाव्हा थिजून झालेला. तळ्याचा गाळ कधीकाळी बसला असेलही, पण वरचा थर लाव्हाचा निघाला. पाण्यानं बदललेले खडक मिळायला त्या गाडीला पुढं डोंगरापर्यंत चालत जावं लागलं.

दोन्ही ठिकाणं जाणत्या माणसांनी चर्चा करून निवडली होती. एका ठिकाणी अंदाज जमला, दुसऱ्या ठिकाणी हुकला. कोणता जमला आणि कोणता हुकला हे खाली उतरेपर्यंत कुणालाच सांगता आलं नसतं.

तिसरा दाखला वादाचा आहे. याच यंत्राच्या नोंदींवरून २००० मध्ये मंगळाच्या जमिनीचे दोन मोठे प्रकार सांगण्यात आले. दक्षिणेकडं मुख्यतः बसाल्ट, म्हणजे वऱ्हाडातल्यासारखा काळा कातळ. उत्तरेच्या मैदानात मात्र अँडेसाइटसारखा वेगळा, सिलिका जास्त असलेला खडक. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी म्हटलं, की वेगळा खडक धरायची गरजच नाही. झिजलेला, पाण्यानं बदललेला बसाल्टही असाच ठसा देऊ शकतो. आकडे तेच, नकाशा तोच, अर्थ मात्र दोन. एकात मंगळाच्या पोटातला लाव्हा वेगळा ठरतो, दुसऱ्यात मंगळावरच्या पाण्याची गोष्ट येते. वरून आलेल्या नोंदीवर एवढा मोठा फरक पडू शकतो.

इथं लोणार कामाला येतं

मंगळाची बरीच जमीन बसाल्टची आहे आणि तिच्यावर कोट्यवधी वर्षं उल्कांचा मारा झाला आहे. म्हणजे तिथला बराच दगड नुसता बसाल्ट नाही, धडक सोसलेला बसाल्ट आहे. धडक सोसल्यावर दगडाचा ठसा बदलतो का? हे तपासायला धडक बसलेला बसाल्ट हातात हवा. तो मिळणार कुठं?

पृथ्वीवर उल्केच्या धडकेनं झालेली विवरं बरीच आहेत, पण बहुतेक दुसऱ्या खडकांत आहेत. अमेरिकेतलं ॲरिझोनाचं प्रसिद्ध विवर वाळूच्या खडकात आणि चुनखडीत आहे. बसाल्टमधली विवरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं सगळ्यात नीट राहिलेलं म्हणून लोणारचं नाव घेतलं जातं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा कातळ तयार झाला. त्या कातळावर फार नंतर उल्का आदळली आणि हे विवर झालं. नंतर म्हणजे नक्की कधी, यावरही मतभेद आहेत. जुन्या मोजणीत साधारण ५० हजार वर्षं आली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आली.

हे विवर ज्वालामुखीचं नसून धडकेचंच आहे, हे पक्कं झालं ते दगडामुळं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. इथल्या दगडात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं. हे एक प्रकारचं काचरूप द्रव्य आहे. काळ्या कातळात फेल्डस्पार नावाचं फिकट खनिज असतं. धडकेचा प्रचंड दाब आला, की हे खनिज न वितळताच आतून मोडतं. त्यातल्या अणूंची रांगेतली मांडणी विस्कटते आणि त्याची काच होते. त्यासाठी हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून जास्त दाब लागतो. ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही.

मुद्दा असा, की काच झाली तरी घटक बदलत नाहीत. सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सगळं होतं तेवढंच राहतं. बदलते ती फक्त आतली रचना. पण वरून बघणारं यंत्र रचनेचाच ठसा वाचतं. म्हणजे दगड तोच, घटक तेच, आणि यंत्राला मात्र तो दुसराच कुणी वाटतो.

शॉन राइट या ग्रह-शास्त्रज्ञानं नेमकं हेच काम हाती घेतलं. आधी त्यांनी ॲरिझोनाच्या विवरावर उष्णतेच्या नोंदींचा अभ्यास केला होता. पुढं लोणारला येऊन विवराबाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यातून धडक सोसलेल्या बसाल्टचे तुकडे गोळा केले. कमी धडक बसलेला, फेल्डस्पारची काच झालेला, पार वितळून गेलेला, अशा पायऱ्या १९७६ मध्येच सुझन कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून ठेवल्या होत्या. त्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे निवडून राइट यांनी प्रयोगशाळेत त्यांची ऊब मोजली. क्रिस्टेन्सन आणि टॉम शार्प यांच्यासोबतचा त्यांचा लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. धडकेनं बसाल्टचा ठसा कसा बदलतो याची नोंद त्यात आहे. हे ठसे यादीत नसतील, तर मंगळावरचा असा दगड वाचताना चूक होऊ शकते.

म्हणजे मंगळ वाचायच्या यादीत जी पानं कोरी होती, त्यातली काही लोणारच्या दगडानं भरली.

याच्या आधी, २००३ मध्ये हॅगर्टी आणि न्यूसम या शास्त्रज्ञांनी लोणारच्या तळातून खोदून काढलेल्या खडकांवर दुसरं काम केलं होतं. धडकेनंतर विवराच्या पोटात उष्णता राहिली, खालचं पाणी तापलं आणि त्या गरम पाण्यानं खडकात चिकणमातीची खनिजं तयार केली, असं त्यांना दिसलं. मंगळावरच्या विवरांतही असं झालं असू शकतं. पाणी आणि ऊब एकत्र असलेली जागा म्हटलं, की जीव शोधणाऱ्यांचे कान टवकारतात.

मंगळाचा दगड बिहारमध्ये पडला होता

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतातल्याच एका दगडात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या गया जिल्ह्यात शेरघाटी इथं आकाशातून एक दगड पडला. १८७२ मध्ये त्यात हे काचरूप द्रव्य सापडलं आणि त्याला ब्रिटिश खनिजतज्ज्ञ मॅस्केलिन यांचं नाव देण्यात आलं. पुढं शंभर वर्षं तो एक वेगळा दगड एवढीच त्याची ओळख होती. अमेरिकेच्या 'व्हायकिंग' यानांनी १९७६ मध्ये मंगळावरची हवा मोजली. त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका दगडात अडकलेली हवा १९८० च्या दशकात तपासली, तर ती मंगळाच्या हवेशी जुळली. मंगळावर कधीतरी मोठी धडक बसली, तिथला बसाल्ट उडाला, अवकाशात फिरत राहिला आणि पृथ्वीवर पडला, हे तेव्हा उमगलं. आज जगभर या जातीच्या दगडांना शेरघाटीवरूनच नाव आहे.

मंगळाचा दगड आपल्या पायानं पृथ्वीवर आलाय, एवढं खरं. पण तो मंगळाच्या कोणत्या भागातून आला ते नक्की माहीत नाही. सातबारा नसलेला दगड तो. माती परीक्षण करणाऱ्या शेतकऱ्याला यातली मेख लगेच कळेल. नमुन्याच्या पिशवीवर गट नंबर नसेल, तर अहवाल कितीही चांगला येवो, खत कोणत्या शेताला टाकायचं?

म्हणून माती आणायची

आता २,१०४ कोटींच्या प्रश्नाकडं येऊ. चांद्रयान-१ वर नासाचं एक यंत्र होतं. ब्राऊन विद्यापीठातल्या कार्ली पीटर्स त्याच्या प्रमुख होत्या. २००९ मध्ये त्या यंत्रानं चंद्राच्या जमिनीत पाण्याशी संबंधित ठसा दाखवला आणि जगभर बातमी झाली. चंद्र वाचण्यात अशा यंत्रांचा भरवसा धरता येतो, कारण अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये आणलेला ३८२ किलो माल प्रयोगशाळेत आहे. यंत्र वरून काय सांगतं आणि हातातला नमुना काय सांगतो, हे शेजारी ठेवून बघता येतं.

अपोलो-११ नं आणलेल्या मातीत पांढऱ्या दगडाचे बारीक कण होते. त्यावरून शास्त्रज्ञांनी म्हटलं, की सुरुवातीला चंद्राचा वरचा भाग वितळलेल्या दगडाचा समुद्र असावा आणि हलकं पांढरं खनिज सायीसारखं वर तरंगून त्याचं कवच झालं असावं. पण अपोलोच्या सगळ्या जागा चंद्राच्या मधल्या पट्ट्यातल्या. ध्रुवाकडं काय, ते हातात नव्हतं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं. प्रज्ञान गाडी साधारण १०३ मीटर चालली आणि २३ ठिकाणी थांबून मातीतले घटक मोजले. हे यंत्र अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं बनवलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निकाल आला. माती जवळपास एकसारखी, आणि मुख्यतः त्याच पांढऱ्या जातीच्या दगडाची. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंदाजाला नव्या जागेवरून बळ मिळालं. शिवाय मॅग्नेशियम अंदाजापेक्षा जास्त निघालं. एका जुन्या, मोठ्या धडकेनं खोलवरचा माल वर फेकला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

शेतातला नमुना घेताना एकरात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेतात. बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याजवळचा नमुना टाळतात. प्रज्ञाननं २३ ठिकाणं मोजली ती याच शहाणपणानं. पण गाडीवर मावणारं यंत्र एवढंसं असतं. दगडाचं वय काढायचं, आतली रचना बघायची, तर मोठी प्रयोगशाळाच लागते. ती चंद्रावर नेता येत नाही, म्हणून दगड इकडं आणायचा. चीननं जून २०२४ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती आणली. मंगळावर 'पर्सिव्हिरन्स' गाडीनं २०२१ पासून दगडांचे नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत. त्या कोणत्या जागेवरच्या आहेत हे माहीत आहे, म्हणजे सातबारा जोडलेला आहे. पण त्या आणायचा खर्च अब्जावधी डॉलरवर गेला आणि ती योजना अडकली. नळ्या तिथंच पडून आहेत.

तोवर मंगळासाठी लोणारसारख्या जागांवरच भागवावं लागणार.

मलबा अभयारण्याच्या बाहेर

आता जिल्ह्याच्या कामाची गोष्ट. लोणारला संरक्षण आहे. २००० मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ३.६५ चौरस किलोमीटर. २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं. पण या सगळ्याचा भर सरोवरावर, जंगलावर आणि मंदिरांवर आहे. राइट यांनी उचलला तो दगड पाण्यात नव्हता. तो विवराबाहेर फेकलेल्या मलब्यात होता.

हा मलबा काठापासून सरासरी एक किलोमीटरहून जास्त लांब पसरला आहे. साधा हिशेब करा. विवराची त्रिज्या ०.९ किलोमीटर, त्यात मलब्याचा एक किलोमीटर मिळवा. १.९ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ झालं, म्हणजे ११ चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र. अभयारण्याच्या तिप्पट. म्हणजे ज्या दगडासाठी जगातले शास्त्रज्ञ येतात, त्यातला बराचसा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. शेतात, बांधावर, रस्त्याखाली, घरांच्या पायात.

याचा अर्थ शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घ्या असा मुळीच नाही. शास्त्रज्ञाला शेत नको असतं, उघडा पडलेला थर बघायला हवा असतो. विहीर खोदली, शेततळं काढलं, रस्त्यासाठी कड कापली, की मातीखालचा मलबा चार दिवस उघडा पडतो. नंतर बांधकाम होतं, नाही तर भराव पडतो, आणि तो कायमचा झाकला जातो. त्या चार दिवसांत कुणी फोटो काढला, जागेची नोंद केली आणि भूवैज्ञानिकांना कळवलं, तर खर्च काहीच नाही. ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि जवळचं एखादं महाविद्यालय यांनी मिळून एक नोंदवही ठेवली तरी पुरे.

पर्यटकांना एवढं सांगायला हवं, की आठवण म्हणून दगड उचलू नका. हा दगड दिसायला साधा, काळा. बाजारात त्याला कवडीचा भाव नाही. पण उचलून नेला, की तो कुठं पडला होता ही माहिती गेली. शेरघाटीच्या दगडासारखा तोही बिनसातबाऱ्याचा झाला. आणि मलब्यातून खडी किंवा मुरूम काढला गेला, तर तो दगड पुन्हा तयार करायला दुसरी उल्काच यावी लागेल.

हाच नियम सोयाबीनला

ग्रह-शास्त्रज्ञ ज्या रीतीनं दगड वाचतात, त्याच रीतीनं उपग्रह आता पीक वाचतो. पानावरून परतणारा उजेड मोजायचा आणि उत्पादनाचा अंदाज बांधायचा. पंतप्रधान पीक विमा योजनेत केंद्रानं 'येस-टेक' नावाची अशी पद्धत आणली. खरीप २०२३ पासून भात आणि गव्हासाठी, खरीप २०२४ पासून सोयाबीनसाठी. उत्पादन ठरवताना या तंत्राच्या आकड्याला किमान ३० टक्के वजन द्यायचं, असा केंद्राचा नियम आहे. बाकीचं वजन पीक कापणी प्रयोगाचं.

तंत्राला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही. मेरिडियानीत वरचा अंदाज खरा ठरला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. उपग्रह कुणाची ओळख बघत नाही, एका दिवसात अख्खा तालुका बघतो. माणसाच्या हातून होणाऱ्या गडबडी त्याच्याकडून होत नाहीत. पण गुसेव्हसारखी गत होऊ शकते. सततच्या पावसात सोयाबीनचा पाला हिरवागार राहतो आणि शेंगा पोकळ निघतात. तण माजलं तरी वरून हिरवंच दिसतं. रंग तोच, आतला माल वेगळा. धडक सोसलेल्या बसाल्टची गोष्ट ती हीच.

म्हणून ग्रह-शास्त्रज्ञ जे प्रश्न विचारतात, तेच शेतकऱ्यांनी विचारावेत. ठिपका केवढा आहे? त्यात एक शेत येतं की शिवार? यादी कुठली आहे? वऱ्हाडातल्या भारी जमिनीतलं, पाणी साचलेलं सोयाबीन त्या यादीत तपासून घातलंय का? आणि खाली उतरून पडताळणी किती ठिकाणी झाली? पडताळणी म्हणजे पीक कापणी प्रयोग. मंगळावर जी गाडी करते, ते काम इथं तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक करतात. प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या तारखेला आहे हे कृषी सहाय्यकाला आधी विचारावं. त्या दिवशी गावातल्या चार माणसांनी तिथं हजर राहावं. वजन झालं की आकडा लिहून घ्यावा, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा. पुढं उपग्रहाचा आकडा आणि हा आकडा यांत फार अंतर पडलं, तर बोलायला हातात काहीतरी असेल.

मंगळावर कोट्यवधी डॉलरची यंत्रं पाठवणारे लोकही वरच्या नोंदीला अंदाजच म्हणतात. खालचा नमुना जुळेपर्यंत ते तिला निकाल म्हणत नाहीत. त्यासाठी ते सात समुद्र ओलांडून लोणारच्या उन्हात दगड वेचत फिरतात. कापणी प्रयोगासाठी तर गावातल्या माणसाला शेजारच्या शिवारापर्यंतच जायचं आहे.